क्लॅरिनेटच्या जागेची चौकशी

नोटीस सरळ, सोप्या भाषेत लिहिलेली होती, तेव्हाच मला पहिला संशय आला. आमच्या विद्यापीठात अशी नोटीस काढायची पद्धत नाही. 'उपरोक्त विषयान्वये' नाही, 'संबंधितांनी नोंद घ्यावी' नाही. नुसतं एवढंच, की विद्यापीठाच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेटची एक जागा भरायची आहे, विद्यार्थी आणि कर्मचारी दोघांनाही चाचणी देता येईल, आणि चाचणी पडद्याआड होईल. इतकं स्वच्छ कोण लिहितं? ज्याला काहीतरी लपवायचं आहे, तो.

माझा स्वभाव संशयी आहे असं माझी बायको म्हणते. तो स्वभाव नाही, ती नोकरी आहे. मी परीक्षा विभागात आहे आणि कॉपी पकडणं हे माझं काम. पट्टीच्या मागे, पाण्याच्या बाटलीच्या लेबलाच्या आत, बोटांच्या पेरांवर, मी उत्तरं कुठे कुठे वाचली आहेत ते सांगत बसलो तर निबंध होईल. चेहरा जितका निरागस, तितका मोजा आधी तपासावा, हा माझ्या नोकरीचा सारांश आहे. आता अशा माणसाने घरी आल्यावर दुधाच्या पिशवीकडे विश्वासाने बघावं ही अपेक्षाच चुकीची.

आणि क्लॅरिनेट? ते मी कसं शिकलो ही मोठी हकिगत आहे आणि ती मी सांगणार नाही. आमच्या घराच्या अडगळीच्या खोलीत, दोन सुटकेसच्या मधे स्टूल टाकून मी रोज वाजवतो. दाराच्या फटीत टॉवेल कोंबावा लागतो, कारण खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत आणि माझा वरचा सूर लागला की त्यांचे पेशंट खुर्चीत दचकतात, अशी त्यांची तक्रार आहे. डॉक्टरांच्या हातात तेव्हा काय असतं याचा विचार न करता पेशंट माझ्या सुराला घाबरतात, हे मला पटलेलं नाही. असो. सांगायचं हे, की एकट्याने वाजवून वाजवून मला माझाच कंटाळा आला होता. आपल्या एका बाजूला कोणी बासरी वाजवतंय, मागे ट्रम्पेटवाला श्वास घेतोय, आणि त्या सगळ्यात आपला एक सूर नेमक्या जागी पडतोय, एवढंच मला हवं होतं. आयुष्यात मी फार कमी गोष्टी इतक्या मनापासून मागितल्या आहेत. ती जागा मला हवी होती, अगदी हवीच होती.

म्हणून मी नाव नोंदवलं, आणि तिथेच थांबलो असतो तर ही गोष्ट झाली नसती. पण जिन्यात विमावाले भेटले.

विमावाले म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे विम्याचे एजंट. माणूस मरणार हे गृहीत धरूनच ते बोलायला सुरुवात करतात, त्यामुळे बाकीच्या बाबतीत त्यांना कसलाच संकोच उरलेला नाही.

"साहेब, पडदा कशाला लावतात?" त्यांनी विचारलं.

"वाजवणारा कोण ते दिसू नये म्हणून."

"चूक. ते आपल्याला कळू नये म्हणून. परीक्षकांना बरोब्बर कळतं. खूण ठरलेली असते."

"कसली खूण?"

विमावाल्यांनी जिन्याच्या वर-खाली बघितलं. "खोकला. आपल्या माणसाने वाजवून झालं की एकदा खोकायचं. झालं काम! आणि कुलसचिवांची भाची क्लॅरिनेट वाजवते, हे ठाऊक आहे ना तुम्हाला?"

मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक झाल्याबरोबर सगळं कसं लख्ख दिसायला लागलं. सोपी नोटीस, पडदा, भाची. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, "जागा विकली गेली."

"कुणाला?"

"ते महत्त्वाचं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"मग जेवून घ्या आधी," ती म्हणाली.

आता कोणताही सामान्य माणूस निकालानंतर तक्रार करतो आणि मग लोक म्हणतात, हरला म्हणून रडतोय. मी परीक्षा विभागात केस पिकवलेत, मी ही चूक कशी करीन? मी निकालाच्या आधीच तक्रार केली. वाद्यवृंदातली जागा आधीच ठरलेली आहे, जो कोणी निवडला जाईल तो वशिल्यानेच निवडला गेला असं समजावं, आणि परीक्षकांना खोकल्याच्या खुणेने उमेदवार ओळखता येतो याची विशेष चौकशी व्हावी. खाली सही, हुद्दा, तारीख. तक्रार निवारण कक्षात आवक क्रमांक घालून घेतला आणि पोच मागून घेतली. भाषा इतकी नेटकी जमली होती, की मी ती बायकोला वाचून दाखवली.

"आणि तुमचीच निवड झाली तर?" तिने विचारलं.

"माझी कशी होईल? मी काय वशिला लावलाय?"

ती कणीक मळायला लागली. ती बोलत नाही तेव्हा मला संशय येतो, पण त्या दिवशी माझ्या डोक्यात पडदा होता. तो खरोखर जाड आहे का? उजेडात धरला तर आरपार दिसत असेल तर? ऑफिस सुटल्यावर मी संगीत विभागात गेलो. सभागृह उघडं होतं आणि आत कोणी नव्हतं. रंगमंचावर आडव्या दोरीला निळा पडदा लटकत होता. मी त्याच्याजवळ गेलो, कापड बोटांत चोळून पाहिलं, दिव्याकडे धरलं, आणि शेवटी दिसतं का ते बघायला त्यात तोंड खुपसलं.

"आलात एकदाचे!" मागून आवाज आला. संगीत विभागाच्या प्रमुख बाई दारात उभ्या होत्या. "सकाळपासून तीन निरोप पाठवले तुम्हाला."

मी तोंड पडद्याबाहेर काढलं. आता मी काय सांगायला हवं होतं? की बाई, मी उमेदवार आहे आणि तुमच्या पडद्यावर माझा विश्वास नाही?

"जमिनीवर लोळतोय बघा. खालून चार बोटं दुमडून घ्या. आणि धावदोरा नको हं, मागच्या वेळी तुम्ही तसंच केलंत."

"नाही करणार," मी म्हणालो. पदवीधर माणूस, बावीस जण हाताखाली, आणि मी वितीने पडदा मोजत होतो. बाईंनी तो उतरवून, घडी करून माझ्या हातात दिला आणि परवा सकाळी हवा म्हणून बजावलं. मी तो घेऊन निघालो, कारण दुसरं काही सुचेना. घरी बायकोने शिवला. चार बोटं दुमडून, बारीक टाक्याने. शिवताना ती अधूनमधून नुसती माझ्याकडे बघायची, आणि ते बघणं मला अजून आठवतं.

चाचणीच्या दिवशी सगळं भलतंच काटेकोर होतं. प्रत्येकाला बिल्ला. बिल्ल्यावर फक्त नंबर. तोंडातून शब्द काढायचा नाही. दारापासून खुर्चीपर्यंत सतरंजी अंथरलेली, आणि चपला बाहेर काढायच्या, म्हणजे पावलांच्या आवाजावरून बाई की पुरुष तेही कळू नये. इतका बंदोबस्त! मनात म्हटलं, चोर पक्के आहेत. माझ्या उजव्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, आणि त्या भोकावरून मला कोणी ओळखणार नाही ना, या काळजीत मी आत शिरलो. माझा पडदा समोर झोकात लटकत होता. जमिनीवर लोळत नव्हता.

खुर्चीवर बसलो, रीड ओली केली. रीड म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाशी बांधतात ती वेताची पत्ती. तिचा कसलासा कण घशात गेला असावा. पहिला सूर लावला आणि घशात खवखव सुरू झाली.

वाचकहो, साधी खवखव. पण खोकायचं कसं? खोकला म्हणजे खूण! मीच लिहून दिलेलं! मी खोकला आवळून धरला. डोळ्यांत पाणी आलं, कान तापले, कपाळाची शीर उडायला लागली. श्वास मोकळा सोडला की खोकला फुटणार, म्हणून मी तो केसभर केसभर सोडत राहिलो. जिथे मी एरवी धसमुसळेपणा करतो तिथे सूर मऊ आला. जिथे घाई करतो तिथे मी थांबलो, कारण नाइलाज होता. शेवटचा लांब सूर तर मी इतका हळू मिटवत नेला, की तो कधी संपला ते मलाही कळलं नाही. मग उठलो, सतरंजीवरून पळत सुटलो, आणि दार गाठता गाठता जो खोकलो, जो खोकलो, की बाहेरच्या शिपायाने पाण्याचा तांब्या पुढे केला.

दुसऱ्या दिवशी फलकावर निकाल लागला. माझं नाव होतं! खाली शेरा, 'श्वासावर विलक्षण ताबा.' मी तो शेरा पुन्हा पुन्हा वाचला. त्या संध्याकाळी मी दाराच्या फटीत टॉवेल न घालता वाजवलं, आणि दातांच्या डॉक्टरांनीसुद्धा खालून काही कळवलं नाही. इतका आनंदाचा दिवस माझ्या वाट्याला बऱ्याच वर्षांत आला नव्हता. अडगळीच्या खोलीत बसून मी चक्क रडलो.

आनंद एक रात्र टिकला. सकाळी ऑफिसात हेडक्लार्क म्हणाले, "अभिनंदन साहेब. छान जमवलंत." 'छान वाजवलंत' नाही, 'जमवलंत'. जिन्यात विमावाल्यांनी तर माझा हात हातात घेऊन डोळा मारला. "आमच्याकडून खोकला ऐकून घेत होतात होय? आणि स्वतः? बाहेरपर्यंत ऐकू आला म्हणे!"

तेव्हा मला माझी तक्रार आठवली. धावत तक्रार निवारण कक्षात गेलो. तिथल्या बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "मागे घेता येईल की. फक्त कारण द्यावं लागेल."

"कारण असं, की तक्रारीत तथ्य नाही."

"पण चौकशी न होता तुम्हाला कसं कळलं?"

"कारण माझीच निवड झालीये!"

बाईंनी चष्मा लावला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "जो कोणी निवडला जाईल तो वशिल्यानेच, असं तुम्हीच लिहिलंय. आता तुमची निवड झाल्यावर तुम्हीच तक्रार मागे घेणार. हे दिसायला कसं दिसेल, साहेब?"

कसं दिसेल ते मला पक्कं ठाऊक होतं. अशा माणसाचा मी मोजा तपासला असता.

चौकशी समिती बसली. अध्यक्ष भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. त्या माणसाचं सगळं आयुष्य दगडांशी बोलण्यात गेल्यामुळे त्यांना उत्तराची घाई नसते.

"तक्रारदार कोण?"

"मी."

"आणि तक्रार कोणाविरुद्ध?"

"आता... माझ्याविरुद्ध."

अध्यक्षांनी ते लिहून घेतलं. "चाचणीनंतर तुम्ही खोकलात?"

"हो, पण घशात रीडचा कण..."

"खोकला ही खूण असते, असं तुमचंच म्हणणं आहे. बरं. चाचणीआधी पडदा कोणाच्या घरी होता?"

मी माझ्या बुटांकडे बघितलं.

"संगीत विभागाच्या बाई म्हणतात, तुमच्या."

"शिवायला नेला होता."

"तुम्ही शिंपी आहात?"

"नाही."

"मग?"

समितीने निर्णय दिला की गैरप्रकार सिद्ध होत नाही, परंतु संशयाला जागा आहे. हे वाक्य मी स्वतः कित्येक पोरांच्या बाबतीत लिहिलेलं आहे. ते वाचायला इतकं वाईट लागतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. निवड रद्द. पहिल्या दोघांची फेरचाचणी, परीक्षक बाहेरगावचे, पडदा नवा. पहिला मी. दुसरी, अर्थातच, कुलसचिवांची भाची.

फेरचाचणीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर ती आधीच येऊन बसली होती. चपला काढलेल्या, क्लॅरिनेट मांडीवर, बोटं अंगावरच्या ओढणीत गुंडाळलेली. चेहरा निरागस. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो आणि सवयीने तिच्या पायांकडे बघितलं. मोजे नव्हते.

"काका," ती म्हणाली, "तक्रार तुम्हीच केली होती ना?"

"ती तत्त्वाची होती. तुझ्याविरुद्ध व्यक्तिशः काही नव्हतं."

"नाव माझंच घेत होते सगळे. मागच्या वेळी मी आत जाण्याआधीच बाहेर कुजबुज चालू होती, ती बघा भाची, ती बघा भाची. आत गेले तर बोटं गार पडलेली. पहिलाच सूर फाटला."

मनात म्हटलं, ही सहानुभूती मिळवायची युक्ती आहे. रडून वेळ वाढवून मागणारे मी शेकड्याने बघितलेत.

"शाळेत नंबर आला की लोक मामाकडे बघायचे," ती म्हणाली. रडत नव्हती, चिडली होती. "इथे प्रवेश मिळाला, मामा. वसतिगृहात खिडकीची खोली मिळाली, मामा. मला खरंच काही येतं का, हे मला अजून माहीत नाही, काका. पडद्यामागे मामा नव्हता. तेवढ्यासाठी मी आले होते. तुम्ही तो पडदाच खोटा करून टाकलात."

तेवढ्यात तिचा नंबर पुकारला. ती उठून आत गेली.

दार बंद होतं, पण आवाज येत होता. मी डोळे मिटले आणि चुका शोधायला लागलो. उत्तरपत्रिका तपासताना मी ओळीवर बोट ठेवून जातो, तसा मी सुरामागून सूर जात होतो. इथे घाई करील. नाही केली. इथे श्वास तुटेल. नाही तुटला. वरचा सूर, जो माझ्याकडून कायम जरासा किंचाळतो आणि पेशंट दचकतात, तो तिच्याकडून इतका सहज आला की मी बाकाची कड घट्ट धरली. मला खोकला आवळून जे एकदा जमलं होतं, ते हिला नुसतं येत होतं. मग मला दाराचाच संशय आला, की लाकडातून आवाज बरा होऊन येत असेल. उठून दाराला कान लावला. आणखीच चांगलं ऐकू आलं.

मीही वाजवलं. बरं वाजवलं, खोटं कशाला सांगू? घसा साफ होता आणि वाजवून झाल्यावर मी खोकलोही नाही. पण शेवटचा सूर सोडताना मला निकाल माहीत होता, आणि तो फलकावर लागला तेव्हा तसाच होता. अडगळीच्या खोलीत जाऊन मी टॉवेल पुन्हा फटीत घातला. वाईट वाटलं. खूप वाटलं.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती, पण त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर पंखा बसला. या पंख्यासाठी मी केव्हापासून अर्ज करत होतो! उन्हाळे गेले, पंखा आला नाही. आणि नेमका आता, कुलसचिवांच्या सहीने, नवाकोरा पंखा. हेडक्लार्क आले, पंख्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "वारा छान लागतोय." मी पंखा परत न्या म्हणून सांगितलं. त्यासाठी अर्ज करावा लागतो म्हणे.

वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला तेव्हा मी बायकोला घेऊन गेलो. बायकोच्या पलीकडच्या खुर्चीत विमावाले येऊन बसले. भाची रंगमंचावर मधल्या रांगेत होती, तिच्या एका बाजूला बासरीवाला, मागे ट्रम्पेट. पडदाबिडदा काही नव्हता. दोन रचनांच्या मधे विमावाले बायकोवरून वाकून माझ्या कानाशी आले.

"हीच ना ती? लागलेलं नाव काढून हिला बसवलं! सेटिंग बघा."

"नाही हो. ती चांगली वाजवते."

"असं म्हणायचं असतं, कळतंय मला."

"अहो, खरंच चांगली वाजवते. माझ्यापेक्षा चांगली!"

विमावाल्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मला चांगली ओळखीची होती. रोज सकाळी परीक्षागृहात शिरताना ती मी स्वतः घालून जात असे. "पंखा मिळाला म्हणे?" ते हळूच म्हणाले.

मी उभा राहिलो. का ते मला सांगता येणार नाही, पण राहिलो. "ती चांगली वाजवते हो!" मी ओरडलो. सगळं सभागृह शांत होतं, त्यामुळे आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. पहिल्या रांगेतून कुलसचिवांनी मागे वळून बघितलं आणि मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा हजार लोकांनी काय अर्थ लावला असेल ते मला त्या क्षणी कळलं. रंगमंचावर भाचीने खाली मान घातली, आणि बायकोने सदरा ओढून मला खाली बसवलं.

परतताना आम्ही चालतच निघालो. कोपऱ्यावरच्या दिव्याखाली बायको थांबली आणि माझा हात धरून अगदी मायेने म्हणाली, "अहो, बाहेर कोणाला काय सांगायचं ते सांगा. पण मला तरी खरं सांगा ना."

"अगं, ती खरंच चांगली वाजवते."

तिने क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. चेहरा निरागस होता, याची मला खात्री आहे.

"बरं," ती हात सोडत म्हणाली, "नका सांगू."